विदर्भातल्या गावांची जुनी वस्ती: वेस, पुरे आणि पेठ यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या आणि बाजाराच्या गावांतून येणारे प्रश्न बहुतेक तेच ते असतात: वस्ती किती जुनी, कागद कुठे मिळतात, बाजार का हलला, वाडे का पडले. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा न सांगता तिथला क्रमांक दिला आहे.

१. आमच्या गावात "जुनी वस्ती" कुठून कुठपर्यंत धरायची?

सीमा तीन आहेत आणि त्या एकमेकींवर बसत नाहीत. पहिली लोकांच्या तोंडची: वेशीच्या आत ते गाव, बाहेर ते नगर किंवा लेआउट. दुसरी मातीची. पिढ्यान्‌पिढ्या पडलेली घरं, राख, शेण आणि खापरं साचून झालेली पांढरी शेजारच्या काळ्या रानापेक्षा उंच असते. तिसरी कागदाची: महसूल संहितेच्या कलम १२२ खाली जिल्हाधिकाऱ्यांनी ठरवलेली गावठाणाची हद्द. तिच्यात पुढे वाढीव गावठाणही मिळवलेलं असतं, म्हणून नकाशावरचं सगळं गावठाण जुनं समजू नका.

इतिहासासाठी मातीची सीमा आधी धरा. मृगाच्या पहिल्या जोरदार पावसानंतर फिरून पाहा. पाणी कोणत्या बोळांतून बाहेर पळतं आणि कुठे पायाला काळी चिकण माती लागते, हे पाहिलं की मूळ गावाचा काठ जवळजवळ हाती येतो.

२. ही वस्ती मुळात वाढली कशी? सगळी गावं सारखीच का दिसतात?

सारखी दिसतात, कारण बहुतेक ठिकाणी थर तेच आहेत. फक्त कुठे एखादा जाड, कुठे पातळ.

सर्वांत आतला थर गढीचा. देशमुख, पाटील किंवा मालगुजाराची (प्रश्न ४) मातीची उंच गढी आणि तिच्या आडोशाला घरं. अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि १८१७-१८ च्या युद्धापर्यंत पेंढाऱ्यांची भीती खरी होती. म्हणून बोळ अरुंद आणि वळणाचे, दारं जाड, आणि रात्री वेशी बंद.

दुसरा थर पेठेचा. कारंजा (लाड) इथे दिल्ली, पोहा, मंगरूळ आणि दारव्हा या चार वेशी आहेत, आणि प्रत्येक वेशीचं नाव म्हणजे तिथून निघणाऱ्या वाटेचं नाव. अशी नावं सापडली की गाव व्यापाराच्या वाटेवर होतं असं खुशाल धरा. अचलपूरचं प्रकरण याहून मोठं. इमादशाहीची राजधानी राहिलेल्या या शहरात बिलनपुरा, सुलतानपुरा, अब्बासपुरा, सरमसपुरा असे पुरेच पुरे आहेत. छावणी मात्र वेगळी बसली, तिचं परतवाडा झालं, आणि आज गर्दी तिकडे आहे.

तिसरा थर कापसाचा. वऱ्हाड १८५३ मध्ये इंग्रजांकडे आलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (१८६१-६५) कापसाला भाव चढला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, १८७० मध्ये जलंबहून खामगावची शाखा सुरू झाली. मग जीन (सरकी काढण्याचे कारखाने) आणि प्रेस (गाठी बांधण्याचे) आले, मारवाडी, गुजराती आणि कच्छी व्यापाऱ्यांची घरं आली, दोन मजली लाकडी सज्जे आले. लोक ज्या वाड्यांना "पुरातन" म्हणतात त्यांतले बरेच याच थरातले असतात.

चौथा थर बसस्टँडचा. तो प्रश्न ११ मध्ये पाहा.

तुमच्या गावात यांतला कोणता थर नाही, हे आधी शोधा. गढी आहे पण पेठ नाही, किंवा जीन आहे पण वेस नाही, यावरून गावाचा स्वभाव लवकर कळतो.

३. पुरा, पेठ, वेटाळ, टोली यांत फरक काय?

पेठ म्हणजे मुद्दाम वसवलेली बाजाराची वस्ती. पुरा एखाद्या व्यक्तीच्या, धंद्याच्या किंवा जातीच्या नावाने ओळखला जातो. वेटाळ म्हणजे चार बोळांचा शेजार, त्याला कागदावर सहसा जागा नसते. टोली किंवा टोला पूर्व विदर्भात मूळ गावापासून सुटी वस्ती. बुधवारा, इतवारा ही नावं आठवडी बाजाराच्या वारावरून पडलेली, आणि बाजार हलला तरी नाव जागेला चिकटून राहतं. नाव बदललं असेल तर प्रश्न १३.

४. नागपूरकडच्या आणि वऱ्हाडातल्या जुन्या कागदांत इतका फरक का? एकच पद्धत लावली तर चालेल का?

नाही चालणार. सर्वांत जास्त शोध इथेच फसतात.

वऱ्हाडात (अमरावती, अकोला, बुलडाणा, यवतमाळ, वाशिम) १८६० च्या दशकापासून मुंबईच्या धर्तीवर मोजणी झाली आणि रयतवारी आली. शेताचा सर्वे नंबर आणि त्यावर थेट खातेदार. नागपूरकडे (नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली) इंग्रजांनी मालगुजाराला गावाचा मालक मानलं. त्यामुळे तिकडच्या जुन्या कागदांत खसरा नंबर असतात, गावाच्या आबादीवर (वस्तीच्या जागेवर) मालगुजाराचा हक्क असतो, आणि घरवाल्याचं नाव शोधून सापडत नाही. घर नव्हतं असं नाही. नोंदवायचा तो रकानाच वेगळा होता.

मालगुजारी ३१ मार्च १९५१ पासून संपली. त्यानंतरचा १९५४-५५ चा अधिकार अभिलेख हा नागपूरकडच्या शोधाचा खरा पाया आहे. त्याच्या जोडीला दोन कागद मागा. निस्तार पत्रकात चराई, आखर, स्मशान, पाणवठा, वाट अशा सामाईक जागांची नोंद असते. वाजिब-उल-अर्जात गावाच्या रूढी असतात: कोणाला कुठून पाणी, कोणती वाट कोणासाठी. गल्लीचं भांडण कधी कधी याच एका पानावर मिटतं.

अपवादही आहे. वऱ्हाडात, विशेषतः यवतमाळकडे, इजाऱ्याची (ठेक्याने दिलेली) आणि जहागिरीची गावं होती. काही गावांच्या नावापुढे अजून "इजारा" लागतं. तिथे रयतवारीचा नियम डोळे मिटून लावू नका.

५. आमच्या गल्लीचा इतिहास काढायचा आहे. सुरुवात कुठून करू?

घरातल्या पेटीपासून. खरेदीखतं, वाटणीपत्रं, गहाणखतं, कर पावत्या, लग्नपत्रिका. सगळ्यांचे फोटो काढा आणि पाठीमागची बाजूही काढा, कारण शेरे मागे असतात. खरेदीखतातली चतुःसीमा सर्वांत मोलाची. पूर्वेला कोण, पश्चिमेला कोणती वाट, उत्तरेला विहीर की सांदवाडी (घरामागची मोकळी जागा). चार-पाच शेजारी घरांच्या चतुःसीमा एका कागदावर जोडल्या की त्या सालची गल्ली उभी राहते.

मग कचेरी. जाण्याआधी एवढं लिहून न्या: मौजा, तहसील, जुना जिल्हा (प्रश्न ८), पटवारी हलका नंबर, सर्वे किंवा खसरा नंबर, अंदाजे साल. मौजा आणि साल नसलेला अर्ज हमखास परत येतो.

तहसीलच्या अभिलेख कक्षात बंदोबस्ताची मिसल, पेरेपत्रक, अधिकार अभिलेख आणि फेरफार मिळतात. कोतवाल पंजीतल्या जन्ममृत्यूच्या नोंदीही तिथेच. तिच्यात बापाचं नाव आणि जात असते, म्हणून लोक ती जातीच्या दाखल्यासाठी काढतात, पण कोणत्या धंद्याची माणसं गावात कधीपासून दिसतात हे तिच्यातूनच कळतं. भूमि अभिलेखच्या तालुका कार्यालयात गावठाणाचा नकाशा आणि आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड). दुय्यम निबंधकाकडे नोंदलेले दस्त. जुन्या शाळेत दाखल-खारीज रजिस्टर. काही जुने महसुली कागद आता "आपले अभिलेख" या शासनाच्या संकेतस्थळावरही दिसतात. तिथे सापडलं नाही म्हणजे कागदच नाही, असा अर्थ काढू नका. सगळं स्कॅन झालेलं नाही.

छापील साधनांत १९०६ ते १९११ च्या सुमारास निघालेली जिल्हा गॅझेटियरं पाहा. मध्य प्रांताची पहिली खानेसुमारी १८६६ ची, वऱ्हाडची १८६७ ची. गावाची लोकसंख्या कोणत्या दहा वर्षांत फुगली किंवा घसरली ते बघा आणि त्या दशकातले कागद आधी मागा. सगळं एकदम मागितलं की अर्ज पडून राहतो.

६. नमुना ८ वर आजोबांचं नाव आहे. म्हणजे घर तेव्हाचं आणि आमच्या मालकीचं ना?

दोन्ही सिद्ध होत नाही. नमुना ८ ही ग्रामपंचायतीची कर आकारणीची नोंद. कर कोणाकडून घ्यायचा, इतकंच ती सांगते. तिच्यातला बांधकामाचा प्रकार मात्र उपयोगी आहे. "माती-कवेलू" कोणत्या साली "विटा-स्लॅब" झालं, ते ओळीने पाहिलं तर गल्ली कधी पालटली ते दिसतं.

स्वामित्व योजनेतली (२४ एप्रिल २०२० पासून) ड्रोन मोजणी आणि सनद वेगळी. तिच्या चौकशीच्या दिवशी घरी कोणीतरी हजर राहा. सामाईक बोळ, न्हाणीचं पाणी जाणारी नाली आणि झाडाखालची सांदवाडी वरून घेतलेल्या फोटोत नीट दिसत नाहीत, आणि नंतरचे वाद त्यांचेच होतात.

७. कागदावर "सन १३१० फसली" आहे. हे कोणतं साल?

वऱ्हाडच्या निजामी वळणाच्या कागदांत फसलीत ५९० मिळवा: १३१० म्हणजे १९००-०१. फसली साल पावसाळ्याच्या तोंडाशी बदलतं, म्हणून उत्तर नेहमी दोन इसवी सालांत पडतं. शके असेल तर ७८ मिळवा. मारवाडी वह्यांत संवत असतो, त्यातून ५७ वजा करा. हिजरीला सरळ बेरीज-वजाबाकी चालत नाही, कारण ते वर्ष चांद्र आणि सुमारे ११ दिवसांनी लहान. हिजरी साल गुणिले ०.९७, अधिक ६२२, असा ढोबळ हिशेब करा: १२०० हिजरी म्हणजे १७८५-८६.

मजकूर मोडीत असेल तर फक्त आकडे वाचून निष्कर्ष काढू नका. मोडी जाणणाऱ्याकडून पूर्ण लिप्यंतर करून घ्या.

८. आम्ही वाशिमचे. मग कागद अकोल्याला का पाठवतात?

कारण जिल्हे हलले. बासीम (वाशिम) हा जिल्हा १९०५ मध्ये मोडला, त्याचे तालुके अकोला आणि यवतमाळमध्ये गेले. वाशिम पुन्हा जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ ला. एलिचपूर (अचलपूर) जिल्हाही १९०५ मध्ये अमरावतीत मिळाला. त्याच वर्षी वूण (वणी) जिल्ह्याचं नाव यवतमाळ झालं. गडचिरोली चंद्रपुरातून २६ ऑगस्ट १९८२ ला निघाला, गोंदिया भंडाऱ्यातून १ मे १९९९ ला. जुन्या इंग्रजी कागदांत चंद्रपूर "चांदा" आहे आणि यवतमाळ "येवतमाळ". अर्जात दोन्ही नावं लिहा.

९. घराच्या बांधकामावरून वय सांगता येतं का?

अंदाज करता येतो, पण तो घराच्या सर्वांत जुन्या नव्हे, सर्वांत नव्या मूळ भागावरून. आमच्याकडे सागवान कधी फेकत नाहीत. पडक्या वाड्याचे खांब, तुळया आणि चौकटी पुढच्या घरात बसतात, म्हणून कोरीव खांब पाहून घराला दोनशे वर्षं देऊन टाकू नका. खांबावर रिकाम्या खाचा दिसल्या, किंवा चौकट भिंतीपेक्षा लहान पडली, तर लाकूड दुसरीकडून आलेलं आहे.

छप्पर पाहा. कुंभाराच्या चाकावरचे अर्धगोल देशी कवेलू कोणत्याही काळाचे असू शकतात, कारण ते दरसाल फेरले जातात आणि फुटले की नवे बसतात. चपट्या, खाचेच्या इंग्रजी कवेलूंवर कारखान्याचं नाव उलट्या बाजूला ठशात असतं. ते रेल्वेनंतरचे. दोन-चार काढून पाहायला हरकत नाही, पण उन्हाळ्यात, आणि पाय वाशावर ठेवून. लोखंडी तुळईवरही कंपनीचा ठसा असतो. कुठे कुठे जुने रेल्वेचे रूळच तुळई म्हणून घातलेले दिसतात.

भिंत पाहा. पायथ्याशी दगड, वर माती, किंवा पातळ विटा आणि चुना, हे जुनं वळण. आजच्या मापाच्या जाड विटा त्यानंतरच्या. एकाच भिंतीत दोन्ही असतील तर जोडाची उभी रेघ शोधा, तिथे वाटणी किंवा दुरुस्ती झालेली आहे. सिमेंटचा गिलावा असला की काहीच दिसत नाही. अशा वेळी जिन्याखाली, देवघरामागे किंवा गोठ्यात पाहा, तिथे गिलावा करायला कोणी जात नाही.

धाब्याचं घर वेगळं. मातीच्या सपाट छताचा थर दर पावसाळ्याआधी नवा द्यावा लागतो. त्यामुळे छत जाड होत जातं आणि शेवटी वजनानेच तुळई वाकते. जाड धाबं म्हणजे बऱ्याच वर्षांची डागडुजी, पण ती किती वर्षांची हे मोजून सांगता येत नाही.

१०. आमचं घर रस्त्याच्या खाली गेलं आहे. आधी ओट्याला तीन पायऱ्या चढायचो, आता उतरतो. असं का?

जुना थर न खोदता त्यावरच नवा सिमेंट रस्ता ओतल्यामुळे. दर वेळी सहा-आठ इंच वाढतात आणि दोन-तीन वेळांत ओटा गडप होतो. मग रस्त्याचं पाणी भिंतीच्या पायथ्याशी थांबतं. मातीची भिंत ते चोखते, आणि ओल दिसते म्हणून लोक बाहेरून सिमेंटचा गिलावा करतात. इथे घर खरं बिघडतं. सिमेंटच्या मागे ओल कोंडते, माती भुसभुशीत होते आणि भिंत खालून पोट काढते.

करायचं ते असं. गुडघ्यापर्यंतचा सिमेंट गिलावा उतरवा, भिंत एक उन्हाळा वाळू द्या, मग एक भाग चुना आणि तीन भाग वाळू असा गिलावा लावा. भिंतीलगत नाली नको. दीड-दोन फूट सोडून नाली, आणि मधली जागा नालीकडे उतरती. रस्ता मंजूर झाल्याचं कळताच पंचायतीकडे "जुना थर काढून मग काँक्रीट" अशी लेखी मागणी द्या. ओतल्यावर दिलेल्या अर्जाला काही अर्थ राहत नाही.

११. गुजरी ओस पडली आणि सगळी दुकानं स्टँडकडे गेली. हे कधी आणि का झालं?

साल गावागणिक वेगळं, कारण बहुधा एकच: माल आणण्याचं वाहन बदललं. बैलगाडीला वेशीतून आत येता येत होतं, ट्रकला येत नाही.

त्याआधीचा धक्का कापसाच्या बाजाराचा. कारंजाला १८८६ मध्येच नियंत्रित कापूस बाजार झाला, आणि १८९७ च्या वऱ्हाडच्या कायद्याने अशा बाजारांना घडी बसली. सौदे दुकानाच्या ओट्यावरून बाजार आवारात गेले. पुढे १९७२ पासून एकाधिकार खरेदी योजना (कापूस फक्त शासनाने घ्यायचा) आली आणि ती २००२ पर्यंत चालली. त्या काळात खासगी व्यापाऱ्याची गादी थंडावली आणि पेठेतली बरीच घरं मागची पिढी शहरात गेल्यावर कुलपात पडली. ज्या गावांतून शकुंतलेसारखी अरुंद रेल्वे जायची, तिथे ती थांबल्यावर स्टेशनाकडची पेठही गेली.

जिनाच्या जागांचं काय झालं ते पाहा. मोठं आवार, एकच मालक, रस्त्याला लागून. म्हणून लेआउट, मंगल कार्यालयं आणि व्यापारी संकुलं आधी तिथेच उठतात. जुनी चिमणी उभी असेल तर तिचा फोटो आजच काढा.

१२. इतके मोठे वाडे लोक दुरुस्त का करत नाहीत?

हिस्सेदार. तीन पिढ्यांत एका वाड्याचे पंधरा-वीस वारस होतात, नाव मात्र पणजोबांचंच राहतं. कोणी एकट्याने खर्च केला तर भाव सगळ्यांचा वाढतो, म्हणून कोणीच करत नाही. घरकुलालाही नावावर जागा लागते. पहिलं काम वारस नोंद, दुसरं सर्वांच्या सह्यांचं वाटणीपत्र, छप्पर नंतर.

१३. आमच्या पुऱ्याचं नाव बदललं. जुन्या नावाच्या नोंदी कशा शोधू?

नावं दोनदा मोठ्या प्रमाणात बदलली. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर वस्त्यांनी स्वतःहून भीमनगर, सिद्धार्थनगर, पंचशीलनगर अशी नावं घेतली. दुसऱ्यांदा डिसेंबर २०२० मध्ये, जातिवाचक नावं बदलण्याचा शासनाचा निर्णय झाला तेव्हा. जुनं नाव शोधायचं असेल तर मतदार यादी, शाळेचं रजिस्टर आणि कोतवाल पंजी या क्रमाने मागे जा. लेख लिहिताना आजचं नाव वापरा. जुनं नाव नोंदीचा हवाला देण्यापुरतं एकदा.

ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली असेल (२०१४ नंतर तालुक्याच्या बऱ्याच गावांची झाली) तर वॉर्ड आणि घर क्रमांकही बदलले. जुन्या-नव्या घर क्रमांकांचा तक्ता कर विभागाकडे मागा.

१४. आमचं गाव महाभारतकालीन आहे असं फलकावर लिहावं का?

"अशी आख्यायिका आहे" असं लिहा. वाशिम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म, पवनीला बौद्ध स्तूप उत्खननात सापडला, हे खरं आहे. पण जमिनीखालचं गाव जुनं म्हणून वरची गल्ली तितकी जुनी ठरत नाही. दोन्ही वेगळ्या ओळींत लिहा.

१५. किल्ल्याजवळ आमचं घर आहे. पाडून बांधता येईल का?

केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, त्यापुढे आणखी २०० मीटर परवानगीने. पहिल्या पट्ट्यात दुरुस्तीलाही परवानगी लागते. नुसती पडकी गढी किंवा वेस या यादीत असेलच असं नाही, म्हणून आधी ती केंद्राच्या यादीत आहे, राज्याच्या आहे की कुठेच नाही ते विचारा. वेशीवर शिलालेख असेल तर त्यावर खडू, तेल किंवा रंग लावू नका. सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढा.

१६. आखीव पत्रिकेवर "नझूल" आहे. पण आम्ही चार पिढ्या राहतो!

राहण्याने शेरा जात नाही. नझूल म्हणजे शासनाची जागा, बहुतेकदा तीस वर्षांच्या पट्ट्यावर दिलेली. शीट नंबर आणि प्लॉट नंबर घेऊन पट्टा कधी संपला, नूतनीकरण झालं का आणि मधल्या विक्रीला परवानगी होती का, एवढं आधी पाहा. मालकी हक्कात बदलण्याच्या योजना शासन वेळोवेळी काढतं. दर आणि मुदत त्या त्या निर्णयात वाचा, शेजाऱ्याने भरलेल्या रकमेवरून ठरवू नका.

इतिहासाच्या दृष्टीने नझूलचा पट्टा उपयोगाचा आहे. परकोटाची पडकी जागा, बुजवलेला खंदक, जुनं बाजार मैदान अशा जागा पुष्कळदा नझुलात निघतात. शीटवर नझुलाचे प्लॉट रंगवले आणि ते सलग वाकडी रेघ काढू लागले, तर ती तटाची रेघ आहे का ते प्रश्न १ मधल्या मातीच्या सीमेशी ताडून पाहा.

१७. आमचं गाव धरणात गेलं. जुनी वस्तीच नाही, मग इतिहास कसा लिहायचा?

उलट तुमच्याकडे इतरांपेक्षा जास्त कागद असू शकतात. गोसीखुर्दसारख्या प्रकल्पांत मोबदला ठरवण्यासाठी घराघराची मोजणी झाली. भूसंपादनाच्या निवाड्याला जोडलेल्या मूल्यांकनाच्या तक्त्यांत घराची लांबी-रुंदी, भिंतीचा प्रकार, छप्पर, लाकूड, विहिरी, झाडं असं सगळं लिहिलेलं असतं. उभ्या गावात इतकी बारीक नोंद कोणी करत नाही.

जिल्ह्याच्या भूसंपादन आणि पुनर्वसन कार्यालयात निवाड्याचं साल, प्रकरण क्रमांक आणि मौजा देऊन नक्कल मागा. निवाड्याबरोबर संयुक्त मोजणीचा नकाशाही मागा, नाहीतर तक्त्यातलं कोणतं घर कोणत्या बोळात होतं ते जुळत नाही. वाढीव मोबदल्यासाठी कोणी कोर्टात गेलं असेल तर त्या प्रकरणात साक्षी आणि खरेदीखतांच्या प्रती असतात. नव्या गावठाणात प्लॉट सोडतीने मिळाले असतील तर जुना शेजार तिथे मोडलेला असतो. म्हणून म्हाताऱ्या माणसांना नव्या घरांच्या क्रमाने विचारू नका. जुना नकाशा पुढ्यात ठेवा आणि वेशीपासून एकेक घर विचारत आत या.